डेंग्यू निगेटिव्ह, तरी ताप उतरत नाही? गोचिडीतून होणारे गंभीर आजार कसे ओळखावेत

समजा, तुमचे मोठे भाऊ चाकणला कारखान्यात कामाला आहेत आणि राहायला पिंपळे गुरवला. मार्चमध्ये आठ दिवसांची रजा काढून ते दोडामार्ग तालुक्यातल्या गावी गेले. काजूच्या बागेत बिया वेचल्या, सरपण आणले आणि परत आले. तीन-चार दिवसांनी थंडी वाजून जोराचा ताप भरला. डोके ठणकते, कंबर आणि पोटऱ्या दुखतात, डोळे लाल झाले आहेत. रक्त तपासले तर प्लेटलेट्स ८०,०००. डेंग्यू आणि मलेरिया दोन्ही निगेटिव्ह.

घरी सगळे म्हणतात, "डेंग्यूच असणार, रिपोर्ट चुकला असेल." तसे होऊ शकते. पण अशा वेळी आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: गेल्या तीन आठवड्यांत तुम्ही कुठे गेला होता आणि तिथे काय केले?

या प्रश्नाच्या उत्तरावर कधी कधी सगळे निदान अवलंबून असते. गोचिडीतून होणाऱ्या काही आजारांवर स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे, पण ते आठवून वेळेत द्यावे लागते. काहींवर औषध नाही, पण वेळेत रुग्णालयात दाखल केल्यास बहुतेक रुग्ण वाचतात. दोन्ही प्रकारांत उशीर महागात पडतो.

## शहरात राहणाऱ्यांनी गोचिडीची काळजी का करायची?

पिंपळे गुरव, सांगवी, कासारवाडी, भोसरी, चाकण या पट्ट्यात राहणारी माणसे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेली आहेत. कोणी शिमग्याला आणि काजूच्या हंगामात कोकणात जाते, कोणी सुगीला विदर्भात, कोणी मुलांकडे अमेरिकेला. आजाराची लागण तिकडे होते आणि ताप इकडे आल्यावर भरतो. इथल्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी डेंग्यू, टायफॉइड आणि मलेरियाच असतात, कारण शहरात तेच जास्त दिसतात.

शिवाय एक गोचीड शहरातही आहे. ती कुत्र्यांच्या अंगावर असते. तिच्याबद्दल पुढे पाहू.

## गोचीड चावते तेव्हा काय होते?

गोचीड हा कीटक नाही. कोळी आणि विंचू यांच्या जवळचा हा आठ पायांचा जीव आहे. तो प्राण्यांचे किंवा माणसाचे रक्त पिऊन जगतो. डास चावून उडून जातो, गोचीड मात्र कातडीत तोंड रोवून तासन्‌तास, कधी कधी अनेक दिवस चिकटून राहते. तिच्या लाळेत कातडी बधिर करणारे पदार्थ असतात, त्यामुळे ती चावलेली बहुतेकांना कळतच नाही. गोचिडीच्या शरीरात विषाणू किंवा जिवाणू असतील तर ते याच लाळेतून आपल्या रक्तात उतरतात.

माणसाला अनेकदा चावते ती पूर्ण वाढलेली, टपोरी गोचीड नसते. तिची पिल्ले चावतात आणि ती खसखशीच्या दाण्याएवढी असतात. म्हणून "मला गोचीड चावलीच नाही" असे रुग्णाने सांगितले, तरी डॉक्टरांनी आजाराची शक्यता सोडायची नसते.

## माकडताप: सिंधुदुर्ग आणि गोव्यातला आजार

या आजाराचे वैद्यकीय नाव क्यासानूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासानूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि त्याच वेळी गावकऱ्यांनाही तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने हा नवा विषाणू शोधून काढला. आज तीच संस्था राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, म्हणून ओळखली जाते.

बरीच वर्षे हा आजार कर्नाटकापुरता मानला जात होता. पुढे तो सह्याद्रीच्या रांगेने इतर राज्यांत दिसू लागला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात त्याची साथ आली. २०१६ च्या जानेवारीत सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात केर गावाच्या परिसरात रुग्ण आढळले आणि २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातल्या बांदा परिसरात.

तो पसरतो कसा? हा विषाणू जंगलातल्या गोचिडी आणि उंदरांसारखे छोटे प्राणी यांच्यात फिरत असतो. माकडाला लागण झाली की त्याच्या रक्तात विषाणू खूप वाढतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. काजू वेचायला, लाकूडफाटा आणायला, पातेरा गोळा करायला किंवा गुरे चारायला गेलेल्या माणसाला त्या चावतात. डिसेंबर ते मे हा या आजाराचा काळ. काजूचा हंगाम नेमका याच दिवसांत येतो.

माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही. त्यामुळे घरात रुग्ण असला तरी त्याला वाळीत टाकल्यासारखे वागवू नका.

लक्षणे. गोचीड चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत अचानक ताप भरतो. सोबत

- कपाळाच्या भागात तीव्र डोकेदुखी,
- कंबर, मान, पोटऱ्या यांत असह्य दुखणे,
- लाल डोळे, उलट्या, जुलाब,
- खूप थकवा, अंथरुणातून उठवत नाही अशी अवस्था,
- काही रुग्णांत तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर नाक, हिरड्या किंवा आतड्यांतून रक्तस्राव.

रक्त तपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी होतात, म्हणजे चित्र अगदी डेंग्यूसारखे.

बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत सावरतात, पण अशक्तपणा बरेच आठवडे टिकतो. काही रुग्णांत मात्र ताप जाऊन आठवडा-दोन आठवडे बरे वाटते आणि मग तो पुन्हा येतो. या दुसऱ्या फेरीत मेंदूवर परिणाम होऊ शकतो: तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, हातापायांना कंप, गोंधळणे. म्हणून माकडताप झालेल्या माणसाला एकदा बरे वाटल्यावर निर्धास्त होऊ नका. पुन्हा ताप आला तर लगेच रुग्णालयात या. या आजारात साधारण शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात.

निदान. सुरुवातीच्या दिवसांत आरटी-पीसीआर चाचणीत विषाणू सापडतो, नंतर आयजीएम ही प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये ही चाचणी होत नाही. डॉक्टरांना शंका आली की सरकारी आरोग्य यंत्रणेमार्फत नमुना ठराविक प्रयोगशाळेत जातो. पुण्यात एनआयव्ही जवळच आहे, हा आपला फायदा.

उपचार. या विषाणूला मारणारे खात्रीचे औषध आज नाही. पण त्याचा अर्थ "काहीच करता येत नाही" असा नव्हे. सलाइन योग्य प्रमाणात देणे, रक्तदाबावर लक्ष ठेवणे, रक्तस्राव झाल्यास रक्त किंवा प्लेटलेट्स देणे, झटके आल्यास ते थांबवणे, यातूनच रुग्ण वाचतात. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी दुखण्यावरची औषधे स्वतःहून घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. जुनी लस पुरेशी प्रभावी न ठरल्याने थांबवली गेली आणि नव्या लसीवर काम सुरू आहे. तोवर गोचीड चावू न देणे हाच खरा बचाव.

## कुत्र्याच्या गोचिडीतून येणारा पुरळाचा ताप

हा आजार विषाणूचा नाही. रिकेट्सिया नावाच्या अतिसूक्ष्म जिवाणूमुळे तो होतो आणि भारतात त्याला इंडियन टिक टायफस म्हणतात. टायफॉइडशी त्याचा काही संबंध नाही, फक्त नाव सारखे वाटते. कुत्र्यांच्या अंगावरची तपकिरी गोचीड तो पसरवते. महाराष्ट्रात विदर्भातल्या, विशेषतः अकोल्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी लहान मुलांमधल्या अशा तापांवर बरेच लिहिले आहे.

या तापाची खूण म्हणजे पुरळ. ताप आल्यावर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी हातापायांवर लालसर ठिपके येतात आणि मग ते धडाकडे पसरतात. गोवर किंवा औषधाच्या अॅलर्जीसारखे ते दिसतात, पण तळहात आणि तळपायांवरही ठिपके असतील तर रिकेट्सियाची शंका घ्यावीच. लहान मुलांत हातापायांना सूजही येते. उपचार न झाल्यास ठिपके जांभळे-काळे पडतात, बोटांची टोके किंवा कानाच्या पाळ्या काळ्या पडू शकतात. फुप्फुसे, मूत्रपिंड आणि मेंदूही बिघडू शकतात.

स्क्रब टायफस हा याच कुटुंबातला आजार. तो गोचिडीतून नाही, तर तिच्या नात्यातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किडीच्या पिल्लांतून होतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढलेल्या गवतात, झुडपांत ही पिल्ले असतात. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि विदर्भात याचे अनेक रुग्ण आढळले आणि काही दगावले. या आजारात चाव्याच्या जागी न दुखणारी काळी खपली दिसू शकते, जणू सिगारेटचा चटका बसला आहे. ती बहुधा झाकलेल्या जागी असते: काखेत, जांघेत, स्तनांखाली, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे. दुखत नसल्याने रुग्णाला ती माहीत नसते आणि संकोचामुळे कोणी पाहत नाही. ताप असलेल्या माणसाचे सर्व अंग घरच्यांनी उजेडात एकदा तपासावे. खपली सापडली तर निदानाचा अर्धा रस्ता पार झाला. खपली नसली तरी आजार नाही असे मात्र म्हणता येत नाही.

## एक स्वस्त गोळी, जी वेळेत हवी

रिकेट्सियाच्या या दोन्ही तापांवर डॉक्सीसायक्लिन हे औषध आहे. ते जुने आहे, स्वस्त आहे आणि जवळपास प्रत्येक मेडिकलमध्ये मिळते. वेळेत सुरू केल्यास बहुतेकांचा ताप ४८ तासांत उतरू लागतो.

अडचण अशी, की तापाच्या रुग्णाला सहसा दिली जाणारी सेफ्ट्रियाक्सोन, सेफिक्झिम, अॅमॉक्सिसिलिन यांसारखी अँटिबायोटिक्स या जिवाणूवर चालत नाहीत. हा जिवाणू आपल्या पेशींच्या आत शिरून राहतो. मग "महागडी इंजेक्शने सुरू आहेत, तरी ताप का उतरत नाही?" असा प्रश्न घरच्यांना पडतो.

दुसरी अडचण चाचण्यांची. रक्तातली प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा लागतो. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत आयजीएम चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. वेल-फेलिक्स ही जुनी चाचणी तर बऱ्याच रुग्णांना चुकवते. म्हणून जाणकार डॉक्टर दाट शंका असेल तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सीसायक्लिन सुरू करतात. ते घाई करत नसतात, हीच योग्य पद्धत आहे.

या औषधाबद्दल घरच्यांचे नेहमीचे प्रश्न:

आठ वर्षांखालच्या मुलांना चालते का? दात पिवळे पडतात म्हणतात. जुन्या टेट्रासायक्लिन औषधांमुळे ही भीती बसली. रिकेट्सियाच्या तापासाठी डॉक्सीसायक्लिनचा छोटा कोर्स लहान मुलांनाही दिला जातो. उपचार न करण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

गरोदर बाईला? स्क्रब टायफसमध्ये बहुधा अॅझिथ्रोमायसिन देतात. गरोदरपणात ताप असेल तर हा निर्णय डॉक्टरांवरच सोडा.

कशी घ्यायची? जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत. गोळी घेतल्यावर अर्धा तास आडवे होऊ नका, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जळजळते. दूध, कॅल्शियम, लोह किंवा अॅसिडिटीचे औषध त्याच वेळी घेऊ नका. कडक उन्हात फिरणे टाळा.

ताप गेला, आता बंद करू का? नाही. डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पूर्ण करा.

मग प्रत्येक तापात घरीच ही गोळी घ्यावी का? अजिबात नाही. डेंग्यू आणि माकडताप यांवर तिचा उपयोग नाही, आणि तिच्या भरवशावर घरी थांबलात तर मौल्यवान वेळ जाईल.

## आणखी दोन आजार, थोडक्यात

क्रायमियन-काँगो ताप. गुरांच्या अंगावरच्या एका जातीच्या गोचिडीतून, तसेच आजारी जनावराच्या किंवा रुग्णाच्या रक्तातून हा पसरतो. भारतातले पहिले निश्चित रुग्ण २०११ च्या जानेवारीत गुजरातमध्ये अहमदाबादजवळ आढळले. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांचाही मृत्यू झाला. २०२० मध्ये गुजरातेत रुग्ण आढळल्यावर शेजारच्या पालघर जिल्हा प्रशासनाने सावधगिरीचा इशारा दिला होता. गुरांचा व्यापार, कत्तलखाना किंवा पशुवैद्यकीय कामाशी तुमचा संबंध असेल, तर ताप आल्यावर ते पहिल्याच भेटीत सांगा. त्यामुळे तुमच्यासोबत दवाखान्यातल्या लोकांचाही जीव वाचू शकतो.

लाइम आजार. मुलाकडे-मुलीकडे न्यू जर्सी किंवा कनेक्टिकटला उन्हाळ्यात राहून आलेल्या आई-वडिलांसाठी हे. तिकडे घरामागच्या गवतातही गोचिडी असतात. चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत कातडीवर हळूहळू मोठा होत जाणारा लाल गोल चट्टा आला, तर त्याचा फोटो काढा आणि प्रवासाची माहिती डॉक्टरांना द्या. सुरुवातीला चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, चट्टा पाहूनच उपचार सुरू करतात. दुर्लक्ष केल्यास पुढे चेहऱ्याचा लकवा, सांधेदुखी किंवा हृदयाच्या ठोक्यांचे विकार होऊ शकतात.

## अंगावर गोचीड चिकटलेली दिसली तर

१. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत पकडा.
२. हिसका न देता, न पिळता सरळ वर ओढा.
३. जागा साबण-पाण्याने धुवा, हातही धुवा.
४. गोचीड नखांनी चिरडू नका. चिकटपट्टीत बंद करून टाका. त्याआधी फोटो काढता आला तर उत्तम.
५. कॅलेंडरवर तारीख लिहा. पुढचे तीन आठवडे ताप किंवा पुरळ येतो का पाहा.

रॉकेल, चुना, तंबाखू, तेल लावू नका, काडी पेटवून चटका देऊ नका. त्याने गोचीड सुटण्याआधी आणखी लाळ आत सोडू शकते. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर कोरत बसू नका, तो बहुधा आपोआप बाहेर पडतो. गोचीड चावलेल्या प्रत्येकाला औषधाची गरज नसते, लक्ष ठेवण्याची असते.

## बचावासाठी

- रानात, बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पँट घाला. पँटची टोके मोज्यांत खोचा. उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे मलम किंवा तेल लावा. साथीच्या गावांत ते आरोग्य केंद्रात मिळते का, विचारा.
- पाचोळ्यावर बसू किंवा झोपू नका.
- घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबण लावून अंघोळ करा आणि काखा, जांघा, कानामागची जागा, मुलांचे केस तपासा.
- मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका. वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.
- घरच्या कुत्र्याला पशुवैद्यांच्या सल्ल्याने गोचिडीचे औषध नियमित द्या. त्याची झोपायची जागा आणि भिंतीच्या फटी साफ ठेवा, गोचिडी तिथे अंडी घालतात.

## लगेच रुग्णालयात कधी?

तापासोबत खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर उद्याची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. पिंपळे गुरवहून औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय दोन्ही जवळ आहेत.

- नाक, हिरड्या, लघवी यांतून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच
- धाप लागणे
- गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, मान आखडणे
- लघवी खूप कमी होणे, हातपाय गार पडणे
- पुरळ जांभळा किंवा काळा पडणे
- सतत उलट्या, पाणीही न टिकणे

## डॉक्टरकडे जाताना ही चार वाक्ये लिहून न्या

१. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला.
२. गेल्या तीन आठवड्यांत कोणत्या गावी गेलो: तालुका आणि जिल्ह्यासह.
३. तिथे काय केले: काजू, सरपण, गुरे, शेत, ट्रेक. गावात माकडे मेल्याचे किंवा आणखी कोणाला ताप आल्याचे ऐकले का.
४. अंगावर पुरळ, काळी खपली किंवा चिकटलेली गोचीड दिसली का. घरात कुत्रा आहे का.

गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना हे विचारायला सुचेलच असे नाही. तुम्ही सांगायला संकोच करू नका. "डॉक्टर, मी दोडामार्गहून परत आलोय, तिकडे माकडताप असतो" हे एक वाक्य ऐकले की डॉक्टर पुढच्या तपासण्या वेगळ्या सांगतील.

*हा लेख माहितीसाठी आहे. कोणतेही औषध सुरू करण्याआधी किंवा थांबवण्याआधी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*